मायक्रोस्कोपखालची गुलाबी-जांभळी गर्दी: ऊती आणि अवयव ओळखायचे कसे

वर्षभर मी एक स्लाइड तिच्या कोपऱ्यातल्या हवेच्या बुडबुड्यावरून ओळखत होते. फिकट रंग, कोपऱ्यात काळ्या कडेचा गोल, म्हणजे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर). पुढे बघायची गरजच नाही. परीक्षेत तशीच फिकट, तशाच बुडबुड्याची स्लाइड समोर आली. दहा सेकंदांत 'कंडरा' लिहून मी मोकळी झाले. ती स्मूथ मसलची, म्हणजे आतड्यासारख्या अवयवांच्या भिंतीतल्या स्नायूची निघाली. परीक्षेसाठी संच बदलला होता, आणि नव्या संचातल्या भलत्याच स्लाइडला नेमक्या त्याच कोपऱ्यात बुडबुडा होता.

पुढे काही वर्षं नव्या मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा कळलं की मी एकटी नव्हते. कुणी तुटलेल्या कोपऱ्यावरून थायरॉइड ओळखत होतं, कुणी काचेवरच्या शाईच्या डागावरून प्लीहा. सगळे स्लाइड पाठ करत होते, ऊतीकडे बघत कुणीच नव्हतं. मायक्रोस्कोपखाली तुम्ही नुकतेच बसायला लागला असाल आणि सगळंच गुलाबी-जांभळं दिसत असेल, तर खालच्या क्रमाने जा. सुरुवातीला वेळ लागेल, पण स्लाइड कुठल्याही संचातली आली तरी अडायला होणार नाही.

१. बसण्याआधी हाताशी काय हवं

- लेन्स पुसायचा खास कागद. रुमाल किंवा शर्टाची बाही चालत नाही, लेन्सवर ओरखडे येतात.
- गुलाबी आणि निळी-जांभळी रंगीत पेन्सिल, एक साधी पेन्सिल, बिनरेघी कागद.
- हिस्टॉलॉजीचा, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाचा, एक ॲटलास. एकच घ्या आणि तोच वापरा. तीन ॲटलास उघडून बसणारा चित्रं बघत राहतो, स्लाइड तशीच राहते.
- लेबल झाकायला कागदी चिकटपट्टी. ही सगळ्यांत महत्त्वाची, का ते शेवटी येईल.

२. मायक्रोस्कोप नीट लावा

निम्म्या तक्रारी ऊतीच्या नसतात, यंत्र नीट न लावल्याच्या असतात. दिवा लावा, सर्वांत कमी शक्तीची, म्हणजे ४ एक्सची लेन्स खाली आणा, स्लाइड ठेवा आणि मोठ्या स्क्रूने चित्र स्पष्ट करा. मग १० एक्स, मग ४० एक्स. ४० एक्सवर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. या लेन्सचं टोक काचेच्या अगदी जवळ येतं. मोठा स्क्रू अर्धा फेरा फिरला तरी स्लाइड तडकते.

१० एक्सवर सगळं छान दिसतंय, पण ४० एक्सवर काही केल्या फोकस होत नाही? स्लाइड उलटी ठेवली आहे. कव्हरस्लिप, म्हणजे ऊतीवरची पातळ काच, वरच्या बाजूला हवी. ती खाली गेली की जाड काच मध्ये येते आणि लेन्स ऊतीपर्यंत पोचत नाही. नव्या बॅचमध्ये दर आठवड्याला कुणीतरी या कारणासाठी 'मायक्रोस्कोप खराब आहे' म्हणून सांगायला येतं.

चित्रात एक काळा ठिपका सतत दिसत असेल तर आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची लेन्स, फिरवून बघा. ठिपका सोबत फिरला तर घाण आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर ती स्लाइडवर आहे. दोन्ही वेळा जागचा हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडची लेन्स, पुसा. १०० एक्सचं तेल ४० एक्सच्या लेन्सला लागू देऊ नका. आणि खरं सांगायचं तर ऊती ओळखायला १०० एक्सची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

३. रंग काय सांगतात ते समजून घ्या

बहुतेक स्लाइड 'एच अँड ई' पद्धतीने रंगवलेल्या असतात: हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून मिळतं. ते आम्लधर्मी गोष्टींना धरतं, म्हणून डीएनएने भरलेलं केंद्रक निळं-जांभळं होतं. इओसिन प्रथिनांना धरतं, म्हणून पेशीद्रव, स्नायू, कोलॅजेनचे तंतू आणि तांबड्या रक्तपेशी गुलाबी.

एवढं सगळ्यांनाच पाठ असतं. त्याचा उपयोग करायचा राहून जातो. स्वादुपिंडाच्या पेशी बघा: तळाकडून जांभळ्या, टोकाकडून गुलाबी. तळाशी प्रथिनं बनवणारं यंत्र, म्हणजे आरएनए, ठासून भरलेलं आहे आणि टोकाला तयार एन्झाइमचे कण साठले आहेत. जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पेशी गुलाबी दिसतात कारण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात. शेजारच्या पेप्सिनोजेन बनवणाऱ्या पेशी निळसर दिसतात, पुन्हा आरएनएमुळेच. श्लेष्म फारसा रंग धरत नाही, म्हणून गॉब्लेट पेशी फिकट पेल्यासारख्या दिसतात. चरबी तर स्लाइड बनवतानाच झायलीन आणि अल्कोहोलमध्ये विरघळून जाते, त्यामुळे चरबीच्या पेशीच्या जागी रिकामा पांढरा गोल उरतो आणि केंद्रक कडेला चेपून बसतं.

रंगाची छटा मात्र लक्षात ठेवू नका. एकाच अवयवाच्या दोन स्लाइड दोन वेगळ्या दिवशी रंगवल्या तर एक लालभडक, दुसरी फिकट होऊ शकते. कुठली गोष्ट गुलाबी आणि कुठली जांभळी हे बदलत नाही, किती गुलाबी हे बदलतं.

मोजपट्टीही स्लाइडवरच मिळते. तांबडी रक्तपेशी सुमारे ७.५ मायक्रोमीटरची, स्लाइडवर आक्रसून जरा लहान. जवळपासच्या रक्तवाहिनीत एखादी सापडतेच. लहान लिम्फोसाइटचं (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) केंद्रक साधारण तेवढंच. समोरची पेशी मोठी की लहान, हा वाद तिथेच मिटतो.

४. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग ४ एक्स

स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवण्याआधी पांढऱ्या कागदावर धरून बघा. हे कुणी करत नाही, फुकटचे गुण हातचे जातात. मज्जारज्जूच्या छेदात मधला एच आकार नुसत्या डोळ्यांना दिसतो. लहान मेंदूच्या घड्या दिसतात. नळीचा आडवा छेद असेल तर भोक दिसतं. लिम्फ नोड घेवड्याच्या बीसारखा.

मग ४ एक्स. आयपीसवर १८ हा आकडा छापलेला असेल तर तो लेन्सच्या शक्तीने भागायचा: ४ एक्सवर तुम्हाला ४.५ मिलिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो, ४० एक्सवर जेमतेम ०.४५ मिलिमीटर. किडनीतला ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे थेट ४० एक्सवर उडी मारलीत तर एक ग्लोमेरुलस चित्राची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापून टाकतो आणि आपण किडनीत आहोत की आणखी कुठे, हे कळायचं साधनच उरत नाही. पूर्ण गाव बघण्याआधी एका घराच्या खिडकीत डोकावण्यासारखं आहे ते.

४ एक्सवर कडेकडेने पूर्ण स्लाइड फिरा. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं, याची सवय दोन दिवसांत होते. फिरताना स्लाइड बनवताना झालेल्या चुका बाजूला काढा: घडी पडली असेल तर गडद पट्टा दिसतो, पात्याचे ओरखडे सरळ समांतर रेघांसारखे, हवेचा बुडबुडा काळ्या कडेचा. ऊती आक्रसून पडलेल्या भेगांना 'पोकळी' समजू नका. खऱ्या पोकळीला अस्तर असतं, भेगेला नसतं. हे वाक्य मी मुलांकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं आहे की काहीजणांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

५. पहिला प्रश्न: पोकळ की भरीव?

४ एक्सवर असतानाच ठरवा. मध्ये किंवा एका बाजूला अस्तर असलेली पोकळी दिसते का? दिसली तर तो पोकळ अवयव: अन्ननलिका, आतडं, मूत्रवाहिनी, श्वासनलिका, रक्तवाहिनी. नसेल तर भरीव: यकृत, किडनी, प्लीहा, ग्रंथी. भरीव असेल तर लगेच दोन उपप्रश्न. बाहेरचा भाग आणि आतला भाग वेगळे दिसतात का? किडनी, ॲड्रिनल, लिम्फ नोड, थायमस यांत दिसतात. यकृत, स्वादुपिंड, प्लीहा यांत नाही. आणि दुसरा: आत नलिका आहेत का?

मोठ्या पोकळ अवयवाचा स्लाइडवर फक्त तुकडा असतो, पूर्ण वर्तुळ नाही. अशा वेळी एका कडेला अस्तर आणि समोरच्या कडेला स्नायू किंवा चरबी, असा क्रम दिसतो का ते बघा.

६. अस्तर वाचायला शिका

शाळेच्या पुस्तकात अभिस्तर ऊती म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे एपिथेलियमच म्हणतात. इथे वेळ घालवा. पोकळ अवयवांची निम्मी उत्तरं अस्तरातच असतात.

पेशींच्या कडा अनेकदा दिसत नाहीत, म्हणून केंद्रकाचा आकार बघा. केंद्रक चपटं तर पेशी चपटी, गोल तर घनाकार, उभं लांबट तर स्तंभाकार. मग थर मोजा. एकच ओळ असेल तर साधं एपिथेलियम. अनेक ओळी असतील तर नाव सगळ्यांत वरच्या थरावरून द्यायचं. तळाशी पेशी घनाकारच असतात, त्यामुळे तळावरून नाव देणारा दर वेळी चुकतो.

श्वासनलिकेत केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर दिसतात आणि थर अनेक असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशी तळाला टेकलेली असते. हे स्यूडोस्ट्रॅटिफाइड, म्हणजे खोट्या थरांचं. वर केसांची झालर आणि मधूनमधून गॉब्लेट पेशी दिसल्या की शंका घेऊ नका. मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचं ट्रान्झिशनल एपिथेलियम यापेक्षा सोपं आहे: सगळ्यांत वर मोठ्या, घुमटासारख्या फुगलेल्या पेशी, काहींना दोन-दोन केंद्रकं.

पेशीच्या टोकावरची झालर तीन प्रकारची. श्वासनलिकेतली सिलिया सुट्या केसांसारखी, तळाशी एक गडद रेघ. आतड्यातली ब्रश बॉर्डर एकसलग गुलाबी कडेसारखी, केस सुटे दिसत नाहीत. एपिडिडिमिसमधले (वृषणाला लागून असलेली शुक्राणूंची नळी) स्टिरिओसिलिया लांब, एकमेकांना चिकटून झुबक्यांत.

आता सगळ्यांत मोठा सापळा. एक वाकलेली रबरी नळी डोळ्यांसमोर आणा. बरोबर मधून कापली तर भिंत पातळ दिसते. वळणाच्या कडेने तिरकी कापली तर तीच भिंत जाडजूड दिसते, कधी तर भोकच दिसत नाही. एपिथेलियमचंही तसंच होतं. एक थराचं अस्तर तिरकं कापलं गेलं की पाच थरांचं वाटतं. म्हणून एका जागी बघून निर्णय द्यायचा नाही. अस्तराच्या कडेने चालत जा आणि जिथे ते सगळ्यांत पातळ दिसतं तिथे थर मोजा.

७. गुलाबी पट्ट्यांचा गोंधळ

माझी परीक्षा बुडवणारा भाग. स्नायूंचे तीन प्रकार, कंडरा आणि चेता, हे पाचही उभ्या छेदात गुलाबी पट्ट्यांसारखे दिसतात. ४० एक्सवर जा आणि फक्त केंद्रकाकडे बघा: किती आहेत, कुठे आहेत.

स्केलेटल मसलमध्ये तंतू जाड आणि लांब, शाखा नाहीत. एका तंतूला अनेक केंद्रकं, सगळी कडेला ढकललेली. आडवे पट्टे दिसत नसतील तर कंडेन्सरचा (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा थोडा मिटवा, पट्टे उठून येतात. हृदयाच्या स्नायूतही पट्टे असतात, पण तंतूंना शाखा फुटलेल्या, केंद्रक मध्यभागी आणि ठिकठिकाणी तंतूला छेदून जाणाऱ्या गडद आडव्या रेघा, म्हणजे इंटरकॅलेटेड डिस्क.

स्मूथ मसल आणि कंडरा यांच्यात फसायला होतं. दोन्हींत पट्टे नाहीत, दोन्हींत लांबट केंद्रकं. फरक असा: स्मूथ मसलमध्ये केंद्रक गुलाबी पट्टीच्या आत, पेशीच्या मध्यभागी असतं. पेशी आकुंचन पावलेली असेल तर ते मळसूत्रासारखं पीळदार दिसतं. कंडरेत गुलाबी पट्टी म्हणजे पेशी नव्हेच, ते कोलॅजेनचे जुडगे आहेत. पेशी जुडग्यांच्या मधल्या फटींत चिरडलेल्या, म्हणून केंद्रकं बारीक, गडद, एका ओळीत आणि पट्टीच्या बाहेर. संख्येनेही कमी. मी त्या दिवशी एकदा, फक्त एकदा, केंद्रक पट्टीच्या आत आहे की बाहेर एवढं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आडव्या छेदात स्मूथ मसल लहानमोठ्या गुलाबी गोलांसारखं दिसतं आणि काही गोलांतच केंद्रक असतं. निमुळत्या पेशीचा छेद टोकाला लागला की गोल लहान आणि केंद्रकाविना, मध्याला लागला की मोठा आणि केंद्रकासह. चेतेचा आडवा छेद याहून वेगळा: प्रत्येक गठ्ठ्याभोवती स्वतंत्र वेष्टन, आत पांढरे गोल आणि प्रत्येक गोलात मधोमध एक ठिपका. पांढरं वलय मायलिनमधल्या, म्हणजे चेतातंतूवरच्या वेष्टनातल्या, विरघळलेल्या चरबीचं, ठिपका ॲक्सॉनचा, म्हणजे खुद्द चेतातंतूचा. उभ्या छेदात चेता नागमोडी जाते.

८. नळ्या

पचनमार्गाची भिंत सगळीकडे चार थरांची: म्यूकोसा (अस्तरासह सगळ्यांत आतला थर), सबम्यूकोसा (त्याखालची सैल ऊती), स्नायूंचा थर आणि बाहेरचं वेष्टन. आधी हे चार शोधा, मग वेगळेपण शोधा.

अन्ननलिकेचं अस्तर अनेक थरांचं आणि चपटं. जठरात खळगे आणि लांब ग्रंथी, पण बोटांसारखे उंचवटे नाहीत आणि गॉब्लेट पेशीही नाहीत. लहान आतड्यात बोटांसारखे व्हिलाय. त्याच्या तीन भागांसाठी सबम्यूकोसात बघा: फिकट ब्रुनर ग्रंथी दिसल्या तर ड्युओडेनम. लिम्फॉइड, म्हणजे लिम्फोसाइटनी भरलेल्या, गाठींचे पुंजके, म्हणजे पायर्स पॅचेस, दिसले तर इलियम. दोन्ही नसतील तर जेजुनम. मोठ्या आतड्यात व्हिलाय नाहीत, सरळ ग्रंथी आणि गॉब्लेट पेशींची रेलचेल. अपेंडिक्सही असाच, पण नळी लहान आणि भोवती सगळीकडून लिम्फॉइड ऊती. पित्ताशयात सबम्यूकोसाच नसतो. घड्या पडलेलं उंच स्तंभाकार अस्तर आणि त्याखाली विस्कळीत स्नायू, म्हणून नवखे त्याला लहान आतडं म्हणून मोकळे होतात. गॉब्लेट पेशी शोधा. सापडल्या नाहीत तर आतडं नाही.

आता एक स्लाइड शेवटपर्यंत बघू. नुसत्या डोळ्यांना लहानसं वर्तुळ, मध्ये बारीक भोक. ४ एक्सवर भोक चांदणीसारखं, भोवती स्नायू, बाहेर सैल ऊती आणि थोडी चरबी. इथे उत्तर लिहायचा मोह होतो. थांबा. चांदणीसारखं भोक अन्ननलिकेचंही असतं, पण तिचा छेद बराच मोठा, तेव्हा ती बाद. उरल्या तीन नळ्या: मूत्रवाहिनी, शुक्रवाहिनी आणि गर्भनलिका. १० एक्सवर जा. भोकात चक्रव्यूहासारख्या फांद्या फुटलेल्या घड्या असत्या तर गर्भनलिका म्हटलं असतं. तशा नाहीत. भिंतीत स्नायू इतका जाड आहे का, की भोक त्याच्यापुढे नगण्य वाटावं? शुक्रवाहिनीत तसं असतं, आणि स्नायूचे तीन स्पष्ट थर असतात. इथे स्नायू आहे, पण बेताचा. ४० एक्सवर अस्तराच्या कडेने चालत जाऊ. चार-पाच थर, वर घुमटाकार पेशी, एकीला दोन केंद्रकं. ट्रान्झिशनल. मूत्रवाहिनी. लिहा, आणि कारणही लिहा.

रक्तवाहिन्यांसाठी एवढं पुरे: धमनीची भिंत जाड, भोक गोल, आतल्या बाजूला नागमोडी चकाकती गुलाबी रेघ. शिरेची भिंत पातळ, भोक मोठं पण कोलमडलेलं. दोघी बहुधा शेजारीशेजारी असतात, त्यामुळे तुलना आयतीच मिळते.

९. भरीव अवयव

लिम्फॉइड अवयव चार, आणि चारही ४ एक्सवर जांभळ्या ठिपक्यांचा समुद्र. कडेपासून सुरुवात करा. एका बाजूला अनेक थरांचं चपटं एपिथेलियम असून ते आत खोल दऱ्यांत उतरत असेल तर टॉन्सिल. वेष्टनाखाली फिकट फट, बाहेरच्या भागात गोल गाठी आणि आत फिकट मगज, म्हणजे आतला भाग, असेल तर लिम्फ नोड. लहान लहान खंड, प्रत्येकाचा बाहेरचा भाग गडद आणि आतला फिकट, गाठी अजिबात नाहीत, फिकट भागात गुलाबी कांद्याच्या चकतीसारखे गोल, म्हणजे हॅसल्स कॉर्पसल्स, तर थायमस. बाहेर-आत असा भेदच नाही, लाल पार्श्वभूमीवर विखुरलेल्या जांभळ्या गाठी आणि त्या गाठींत मध्याला नव्हे तर एका बाजूला लहानशी धमनी, तर प्लीहा.

स्वादुपिंड आणि पॅरोटिड लाळग्रंथी हे जुळे. दोन्हींत जांभळ्या-गुलाबी गोलकांचे खंड. स्वादुपिंडात फिकट पेशींची बेटं असतात. पॉल लँगरहान्सने ती १८६९ मध्ये विद्यार्थी असताना, प्रबंधासाठी स्वादुपिंड तपासताना पाहिली. त्यांचं काम काय हे त्याला उलगडलं नाही, पण जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं. बेट सापडलं की प्रश्न मिटला. पण छेदात बेट आलंच नाही तर? तेव्हा नलिका बघा. पॅरोटिडमध्ये गोलकांच्या मधोमध उठून दिसणाऱ्या, गडद गुलाबी, तळाकडे उभ्या रेघा असलेल्या स्ट्रायेटेड नलिका असतात, स्वादुपिंडात त्या नसतात. पॅरोटिडमध्ये चरबीचे पांढरे गोलही अधूनमधून दिसतात.

यकृतात पेशींच्या रांगा मधल्या शिरेकडे धावतात आणि कडेला तीन वाहिन्यांचं त्रिकूट असतं. ॲटलासमध्ये सुबक षटकोन असतात, ते शोधत बसू नका. माणसाच्या यकृतात खंडांच्या सीमा पुसट असतात. षटकोन रेखल्यासारखे दिसत असतील तर ती स्लाइड बहुधा डुकराच्या यकृताची आहे.

किडनीत ग्लोमेरुलस दिसला की काम झालं, पण नुसत्या मगजाचा तुकडा आला तर तो दिसणार नाही. तिथे समांतर नलिकाच असतात. बाहेरच्या भागातल्या दोन नलिकांत फरक विचारतातच: प्रॉक्सिमल (ग्लोमेरुलसनंतरची पहिली) गडद गुलाबी, भोक अस्पष्ट आणि धूसर, संख्येने जास्त. डिस्टल (पुढची) फिकट, भोक स्वच्छ, केंद्रकं जवळजवळ.

थायरॉइडमध्ये गुलाबी द्रव भरलेले गोल, नलिका नाहीत. दूध असलेल्या स्तनाची स्लाइडही पहिल्या नजरेत तशीच दिसते, पण तिथे खंडांमध्ये पडदे आणि नलिका असतात. प्रोस्टेटमध्ये ग्रंथींच्या मधल्या ऊतीत स्मूथ मसल भरपूर आणि पोकळ्यांत कधीकधी वलयांकित गुलाबी गोळे. फुप्फुस आणि चरबी यांत गोंधळ झाला तर बघा: चरबीचे गोल बंद असतात, फुप्फुसातले वायुकोश एकमेकांत उघडतात.

वार (प्लॅसेंटा) ओळखणं सोपं: झाडाच्या फांद्यांसारखे कापलेले व्हिलाय, मधल्या जागेत आईचं रक्त. नाळेत तीन वाहिन्या, दोन धमन्या आणि एक शीर, भोवती जेलीसारखी फिकट ऊती. लहान मेंदूत तीन थर, आणि मधल्या थरात एका रांगेत बसलेल्या सुरईच्या आकाराच्या पुर्किन्ये पेशी. त्या १८३७ मध्ये पुर्किन्येने वर्णिल्या. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

हाडाच्या दोन प्रकारच्या स्लाइड असतात. घासून पातळ केलेल्या हाडात वर्तुळात वर्तुळं आणि काळे ठिपके. ते ठिपके पेशी नव्हेत, पेशींच्या रिकाम्या खोल्या आहेत. 'ऑस्टिओसाइट (हाडाच्या पेशी) दिसतात' असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत तुमची खैर नाही. आम्लात मऊ केलेल्या हाडात मात्र पेशी खरंच दिसतात.

१०. उत्तर कसं लिहायचं, सराव कसा करायचा

नावासोबत दोन खुणा लिहा, आणि त्या तुम्हाला त्याच स्लाइडवर बोट ठेवून दाखवता आल्या पाहिजेत. पुस्तकातली खूण स्लाइडवर नसेल तर लिहू नका. बेट न दिसलेल्या छेदाखाली 'लँगरहान्सची बेटं' लिहिणारे पकडले जातात, कारण परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो: 'दाखवा'.

चित्र काढताना ॲटलासकडे बघू नका. एक डोळा आयपीसवर, एक कागदावर, जे दिसतं तेच काढा. दोन रंग पुरे. हिरवी आणि पिवळी पेन्सिल वापरून सुंदर केलेली चित्रं मी पाहिली आहेत. काढणाऱ्याने स्लाइड पाहिलेली नसते हे लगेच कळतं.

आणि ती चिकटपट्टी. जोडीदाराला सगळ्या स्लाइडची लेबलं झाकायला सांगा, तुटके कोपरे आणि शाईचे डागही. स्लाइड तोच लावेल आणि कुठलाही एक कोपरा फोकसमध्ये आणून देईल. दर स्लाइडला दोन मिनिटं. पहिल्या मिनिटात ४ आणि १० एक्स, दुसऱ्यात ४०. नाव आणि दोन खुणा मोठ्याने सांगायच्या, मगच पट्टी काढायची. चुकलेल्या स्लाइड वेगळ्या ठेवा आणि त्या शंकास्पद जुळ्यासोबत एकामागून एक बघा: स्वादुपिंडामागून पॅरोटिड, स्मूथ मसलमागून कंडरा. आठवडाभराने दुसरा संच मिळवून हेच पुन्हा करा. पहिल्या संचात शंभर टक्के बरोबर येणाऱ्यांचेही दुसऱ्या संचात पहिल्या दिवशी बरेच अंदाज चुकतात. नेमक्या त्या स्लाइड वहीत नोंदवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.